तांदळात आईचे दोन हिस्से

मी गोदीत तांदळाच्या गोणी वाहतो. मुकादम गोणी मोजतो, व्यापारी वजन बघतो. दाण्याच्या आत काय आहे ते मला जुन्या बाजारातल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकानं सांगितलं. मॅट्रिकच्या जोरावर एकेक शब्द लावत वाचलं, पण वाचलं.

ऐका. परागनलिकेतून दोन पुंपेशी बीजांडात उतरतात. एक अंडपेशीला मिळते, गर्भ होतो. दुसरी मधल्या दोन स्त्री-केंद्रकांना मिळते, भ्रूणपोष होतो. म्हणजे गर्भाची शिदोरी. रशियाच्या नवाशिननं हे १८९८ साली दाखवलं. आपल्या ताटातला पांढरा भात म्हणजे हीच शिदोरी. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच. दोन आईचे, एक बापाचा!

आता मनूला बोलवा. नवव्या अध्यायात तो सांगतो : बाई शेत, पुरुष बीज, आणि दोघांत श्रेष्ठ बीज. पीक बीजाच्या गुणानं उगवतं, मातीच्या नाही. याच हिशेबावर बापाची जात, बापाचं गोत्र, बाईवर ताबा. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला. भाताचा दाणा न् दाणा त्या आगीच्या बाजूनं साक्ष देतो.

कुणी पंडित म्हणेल, दिल्ली विद्यापीठात एकट्या परागकणापासून रोप झालं, त्याचं काय? झालं ना. १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश काचेच्या नळीत वाढवले आणि त्यातून गर्भ उगवले. १९६६ साली ते परागकणांचेच असल्याचं पक्कं झालं. जगभरच्या भात-गव्हाच्या पैदाशीला त्यानं नवी वाट दिली. उकिरड्यावरचा धोतरा, पण शास्त्राला शिकवून गेला! मात्र त्या रोपात २४ ऐवजी १२च गुणसूत्रं. ते वांझ. औषध घालून गुणसूत्रं दुप्पट केली तरच बी धरतं. एकट्या बीजाची मिजास तिथंच संपली.

मग हे शिकवणारे प्राध्यापक काय करतात? सकाळी फळ्यावर द्विफलनाची आकृती काढतात, संध्याकाळी पोरीसाठी जातीतलं स्थळ आणि गोत्र बघतात. परीक्षेपुरतं खरं, लग्नापुरतं खोटं! आपला पोरगा पीएच.डी. होऊन राखीव जागेवर मुलाखतीला गेला की शेरा तयार : योग्य उमेदवार आढळला नाही. साला, धोतऱ्यात गर्भ दिसतो, माणसात अक्कल दिसत नाही?

म्हणून कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनो, पाठ करून मार्क घेऊ नका. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा आणि मग गुरुजींना भर वर्गात विचारा : सर, दोन हिस्से आईचे, तर गोत्र एकट्या बापाचं कसं?

उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.