समाचारास जाताना

गेल्या वर्षी परिचयातील एका वृद्ध मातोश्रींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम, टाकेही स्वच्छ. परंतु घरी आल्यानंतर अकराव्या दिवशी गुडघा लाल झाला आणि जखमेतून पू येऊ लागला. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर सहा आठवडे शिरेतून औषध. त्यांची सून मला म्हणाली, “काकासाहेब, एक डॉक्टर रोज शेजारच्या रुग्णाची पट्टी पाहून तसेच आईंकडे येत. हात धुवा, असे त्यांना कसे सांगावे?”

संसर्ग त्याच हातांनी आला, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण तिचा संकोच मात्र फार जुना आहे. १८४७ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या विभागात शंभरांतील अठरा माता दगावल्या. तेथील डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. जूनमध्ये हे प्रमाण शंभरात दोनवर आले. तरीही सहकारी रुष्टच राहिले. आपल्याच हातांनी रुग्ण मेला, हे कोण मान्य करील? १३ ऑगस्ट १८६५ रोजी मनोरुग्णालयात, चिघळलेल्या जखमेनेच सेमेलवाइस यांचा अंत झाला. आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली होती. तो मुलगा बरा झाला.

दोष केवळ डॉक्टरांचा नव्हे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू निरोगी माणसांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकात निरुपद्रवीपणे वसतो आणि बोटांवरून टाक्यांपर्यंत पोहोचतो. खाटेवर बसून, पट्टीवर हात ठेवून प्रेमाने विचारपूस करणारे आपण त्याचे वाहक असू शकतो. सर्दी-खोकला असेल तर दूरध्वनीवरूनच समाचार घ्यावा.

आणखी दोन गोष्टी. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. त्वचेवरील सूक्ष्म ओरखड्यांत जंतू शिरतात. काढणे आवश्यकच असेल तर ते काम रुग्णालयात क्लिपरने होते. दुसरे, प्रतिजैविकाची मात्रा साधारणतः चिरा देण्यापूर्वी दोन तासांच्या आत दिली जाते. जखम स्वच्छ असताना “आणखी आठवडाभर लिहून द्या” असा आग्रह नातेवाईक धरतात, तो अनाठायी होय. त्याने औषधाला न जुमानणारे जंतू मात्र पोसले जातात. मेथिसिलिन वापरात येऊन वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच, १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस आढळला होता.

जखमेचा संसर्ग बहुधा ३० दिवसांत दिसतो. कृत्रिम सांधा बसविला असल्यास ९० दिवस लक्ष ठेवावे. लाली, वाढती वेदना, स्राव वा ताप आढळल्यास शल्यचिकित्सकांस त्याच दिवशी कळवावे.

त्या सूनबाईंनी दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी खाटेच्या पायथ्याशी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाची बाटली ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाला त्या नमस्कार करीत आणि बाटली पुढे करीत. डॉक्टरांनाही.