शेवटच्या बाकावरचे हसू

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

“काय गं, तुमच्या चर्चमध्ये हसलेलं चालतं का?” वर्गातल्या एका मैत्रिणीने मला हा प्रश्न विचारला तेव्हा तिचा हेतू मुळीच वाईट नव्हता. तिने पाहिलेली ख्रिस्ती उपासना म्हणजे कोणाच्या तरी लग्नातली. पांढरे कपडे, संथ गाणी, खाली घातलेल्या माना! त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला गाठून विचारले, “पोरी, देवाच्या घरात बसून लोकांना हसवायचं म्हणजे काय चाललंय तुमचं?” एक प्रश्न बाहेरचा, एक घरातला, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच, की भक्ती आणि हसू यांचे पटत नाही. ही समजूत चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे. ते मत अभ्यासिकेत बसून झालेले नाही. गेल्या वर्षी आम्ही जो एक उद्योग केला, त्याचे चटके खाऊन झालेले आहे.

उद्योग असा. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा मंडळीच्या तरुण संघाने दहा-दहा मिनिटांच्या सहा भागांची एक विनोदी मालिका तयार केली. मोबाइलवर चित्रित करायची, यूट्यूबवर टाकायची आणि चर्चच्या आवारात पडदा लावून दाखवायची. लेखन माझ्याकडे आले, कारण “तू मराठी घेतलंयस ना!” विषय आमच्याच घरातले. सुगीच्या सणाला मंडळीने आणलेल्या जिनसांचा लिलाव होतो. त्यात दोन भाऊबंद एकाच भोपळ्यासाठी हट्टाला पेटतात आणि भोपळ्याची किंमत शेळीच्या किमतीला जाऊन भिडते. जेवणाआधी ‘दोन शब्दांत’ प्रार्थना करायला सांगितलेले काका साऱ्या जगाची काळजी वाहतात, आणि इकडे रश्श्यावर साय धरते. नाताळात गाणी म्हणत फिरणारी टोळी अंधारात भलत्याच घरी शिरते, आणि त्या घरचे लोक “आता आलाच आहात तर” म्हणून सगळ्यांना पुरणपोळीला बसवतात. मालिकेचे नाव आम्ही चर्चमधल्या शेवटच्या बाकावरून घेतले, कारण उशिरा येणारे, लवकर जाणारे आणि मधल्या वेळात गालातल्या गालात हसणारे सगळे तिथेच बसतात.

पैसे किती लागले म्हणाल, तर नऊ हजार तीनशे पन्नास रुपये! तरुण संघाने नाताळात घरोघर गाऊन जमवलेले. त्यातले तीन हजार दोनशे दोन कॉलर माईक आणि मोबाइल ठेवायच्या स्टँडमध्ये गेले, नऊशे मेमरी कार्डात, साडेअकराशे कपडेलत्ते आणि सामानात (भोपळा धरून). उरलेले चार हजार शंभर चहा, पोहे आणि वडापाव यांत गेले. हिशेब वाचून दाखवला तेव्हा सभेत कुजबुज झाली. मी मात्र आज सांगते, की सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच होता. ज्याला मेहनताना देता येत नाही त्याला निदान वेळेवर जेवू घालावे.

आमचे नटसंच म्हणजे काय होते, तर एक निवृत्त मास्तर, दवाखान्यातली एक नर्सताई, एसटीतले एक कंडक्टरदादा, महिला मंडळाच्या दोन मावश्या आणि कॉलेजातली चार-पाच पोरे. कंडक्टरदादांना मुक्कामाची ड्यूटी लागली की भोपळ्याचा लिलाव थांबे. नर्सताईंची रात्रपाळी संपली की त्या थेट चित्रीकरणाला येत आणि संवादाच्या मध्येच त्यांचा डोळा लागे. मास्तरांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या दृश्याच्या दरम्यान मिशी काढून टाकली. प्रेक्षकांच्या दृष्टीने ते एका दारातून मिशीसह गेले आणि दुसऱ्या दारातून मिशीविना बाहेर आले. शेवटी तोच एक विनोद करून टाकला! पगारी नटाला दम देता येतो. स्वयंसेवकाला फक्त विनंती करता येते, आणि तीही त्याचा चहा होऊन गेल्यावर.

तांत्रिक बाजू तर विचारूच नका. चित्र हलले तर लोक सोसतात, आवाज फुटला तर उठून जातात, हे आम्हाला पहिल्याच भागाने शिकवले. आमचे चर्च जुने, दगडी, उंच छताचे. गाण्याला ते फार गोड. पण बोललेले वाक्य तिथे तीनदा ऐकू येई. मग मावश्यांनी घरोघरच्या गोधड्या आणि सतरंज्या आणून भिंतींवर टांगल्या, आणि तो घुमारा खाली बसला. एप्रिलच्या उन्हात पंखे बंद करून काम करावे लागे, कारण माईकला पंखा आधी ऐकू येतो आणि माणूस नंतर. उजेडासाठी खिडकी आणि थर्मोकोलची पांढरी पाटी. एवढ्या सामग्रीत जे जमले ते जमले.

आता ‘हे नवीनच काय काढले?’ या प्रश्नाकडे वळते. नवीन काहीच नाही. इंग्लंडातल्या यॉर्कसारख्या शहरांत मध्ययुगात बायबलातल्या कथांची नाटके गाड्यांवर होत आणि ती करणारे धंदेवाईक नट नसत, कारागिरांचे संघ असत. यॉर्कला नोहाचे तारू बांधण्याचा प्रवेश जहाजे बांधणाऱ्यांकडे असे आणि शेवटच्या भोजनाचा पाव भाजणाऱ्यांकडे! वेकफील्डच्या नाटकांतल्या एकात मॅक नावाचा मेंढीचोर आहे. तो चोरलेली मेंढी पाळण्यात निजवतो आणि बायको बाळंत झाल्याचे सोंग आणते. मेंढपाळ चोरी पकडतात, त्याला चादरीत घालून उडवतात, आणि तेच मेंढपाळ पुढच्या क्षणी बेथलेहेमच्या गोठ्यात बाळापुढे गुडघे टेकतात. पाळण्यातल्या मेंढीवर हसलेला प्रेक्षक गव्हाणीतल्या बाळापाशी हात जोडतो. ते हसू वाया गेलेले नसते. त्याने मन मोकळे करून ठेवलेले असते.

इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्या नाथांनी भारुडात विंचू, जोशी, भुत्या अशी सोंगे उभी करून लोकांना हसवत हसवत परमार्थाच्या दारात आणून सोडले. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाने तियात्र जन्माला घातले ते आपल्या मुंबईत. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन्यो रिबेरो यांचे ‘इटालियन भुरगो’ रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून तियात्राच्या दोन प्रवेशांमधल्या कांतारांनी पुढाऱ्यापासून भाटकारापर्यंत फारसे कोणाला सोडलेले नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचे म्हणाल, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही विद्यार्थी आज अभ्यासतो, ती काय नुसत्या दुःखासाठी? १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. एवढा घाव सोसलेली बाई टिळकांच्या विसराळूपणावर, उधळ्या दातृत्वावर आणि त्याहूनही जास्त स्वतःच्या सोवळ्याओवळ्यावर हसते. त्या हसण्यात एक थेंबही विष नाही. आणि ज्याने सांगितले की दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेल्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ आहे, त्याच्यासमोर बसलेले लोक ते चित्र डोळ्यांपुढे येऊन हसलेच नसतील, हे मला कोणी पटवून द्यावे!

आणखी एक कारण आहे, ते जरा बोचरे आहे. हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस आठवा. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधला अँथनी मलाही आवडतो, पण तो दारूचा गुत्ता चालवतो आणि वांद्र्याची हिंदी बोलतो. अशा दारुड्या किंवा फ्रॉकवाल्या पात्रांवर हसत मोठी झालेली माणसे मला विचारतात, “तुम्ही घरी इंग्रजीच बोलत असाल ना?” आमच्या घरी आजी “काय करून ऱ्हायली गं” असे विचारते. आम्ही ज्वारीची भाकरी खातो, पेटी-तबल्यावर भजने म्हणतो आणि भोपळ्यावरून भांडतो. आमच्यावर दुसऱ्यांनी विनोद केले ते खोटे निघाले. मग खरे विनोद आम्ही का करू नयेत?

यावर त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते पोकळ नव्हते. ते म्हणाले, “आपण मूठभर माणसं. आपली उणीदुणी चव्हाट्यावर मांडली तर लोक आपल्याबरोबर हसतील की आपल्याला हसतील?” २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही शेकडा एकाहूनही कमी भरलो. तेव्हा ही भीती समजण्यासारखी आहे. पण जो समाज स्वतःवर हसायला घाबरतो, तो हळूहळू खरे बोलायलाही घाबरू लागतो. लिलावातल्या हट्टावर हसलो नाही तर तो हट्ट कधी दिसणारच नाही. मी त्यांना असे उत्तर दिले आणि स्वतःवर खूश झाले.

ती खुशी फार टिकली नाही.

आमच्या चर्चची घंटा वाजवणारे एक काका आहेत. पाय ओढत चालतात आणि दोर ओढताना मोठ्याने टोले मोजतात. सहाव्या भागात आमच्यातल्या एका मुलाने त्यांचे सोंग आणले. हुबेहूब! ते मीच लिहिले होते. आवारात तो भाग दाखवला तेव्हा सगळे आवार हसून लोटपोट झाले, आणि सर्वांत आधी हसले ते काकाच. यूट्यूबवरही तोच भाग सर्वांत जास्त पाहिला गेला. पुढच्या रविवारी घंटा नेहमीसारखी झाली, पण घंटेनंतर शेवटच्या बाकावर येऊन बसणारे काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. तिसऱ्या रविवारी आजी मला म्हणाली, “पोरी, त्याचा पाय विहिरीच्या कामावर मोडला. तू जन्मलीही नव्हतीस.”

मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. ते म्हणाले, “हसलो की मी बी. सगळे हसत व्हते. एकट्यानं रडून कसं चालंल?”

वाचकहो, विनोदावर मी पुस्तके वाचली आहेत. पण या एका वाक्याने जे शिकवले ते त्यांत नव्हते. भोपळ्यासाठी भांडणारा माणूस आपल्या हट्टावर हसू शकतो, कारण हट्ट सोडणे त्याच्या हातात आहे. पाय सोडून देणे काकांच्या हातात नाही. आम्ही माणसाच्या खोडीवर हसवत आलो होतो, आणि शेवटी हशाच्या लोभाने माणसाच्या दुखण्यावर हसलो. तेही घंटा वाजवणाऱ्याच्या! ज्यांची लांबलचक भाषणे सगळे सोसतात, त्यांच्यावर एक ओळ लिहायचे मला धैर्य झाले नव्हते. चव्हाट्याची भीती घालणाऱ्या त्या गृहस्थांचे निम्मे म्हणणे खरे ठरले, फक्त हसणारे परके नव्हते, आम्हीच होतो.

तो भाग काढून टाकायचा, असे मी संघात मांडले. ज्या मुलाने सोंग केले होते तो उसळला. “महिनाभर फुकट राबलो, आणि माझंच काम काढून टाकता? लिहिलं तर तूच होतंस.” त्याचे म्हणणेही खरे होते. पगारी नटाचे काम कापले तर त्याला पैसे तरी मिळालेले असतात. स्वयंसेवकाला मिळते ते एवढेच, की आपले काम लोकांनी पाहिले. तेच आम्ही त्याच्याकडून काढून घेतले. भाग निघाला. काका परत शेवटच्या बाकावर बसू लागले. तो मुलगा मात्र संघात पुन्हा आला नाही. दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. चहा मिळाला, होकार मिळाला नाही.

तेव्हा माझे मत असे. भक्ती आणि विनोद यांचे वैर नाही. पण विनोदालाही पथ्य आहे. हसायचे ते आधी स्वतःवर, मग आपल्यापेक्षा वरच्यावर, आणि जो उलटून बोलू शकत नाही त्याच्यावर कधीच नाही. संहिता वाचताना ज्याचे सोंग आणायचे त्याला आधी ऐकवावी, चित्रीकरणानंतर नव्हे. तसे केले असते तर काका दुखावले नसते आणि त्या मुलाचे श्रमही पाण्यात गेले नसते. दुसरे, ‘सेवाभावाने केले आहे, गोड मानून घ्या’ ही सबब कोणी सांगू नये. पैसे कमी होते म्हणून चित्र अंधुक आले, हे क्षम्य. विचार कमी केला म्हणून माणूस दुखावला, याला पैशाचे कारण देता येत नाही. विचार करायला एक रुपयाही लागत नव्हता.

आमच्या कॉलेजातही स्नेहसंमेलनात फिशपाँड पडतात, शिक्षकांच्या आणि शिपाईकाकांच्या नकला होतात, आणि समोर बसलेले शिपाईकाका सर्वांच्या आधी हसतात. पुढच्या वेळी टाळ्या वाजवताना त्यांच्याकडे एकदा नीट पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

आमच्या मालिकेचे आता पाचच भाग आहेत. सातव्याची संहिता माझ्या वहीत तयार आहे. तो भाग एका मुलीवर आहे. तिला वाटते की आपल्याला विनोदातले सगळे कळते.