मोजपट्टी कोणाच्या हातीं?

मुरुमच्या एका सुतारानें आम्हांस विचारलेला प्रश्न प्रथम जसाच्या तसा देतों. तो म्हणाला, "दादा, गांवांत नवे गाळे व्हायचे म्हणतात, रस्त्याच्या कडेनें प्लॉट पडायचे म्हणतात. पडूं द्या. पण त्यांत माझा रंधा कुठें ठेवायचा, तें कोणी सांगेल काय?" आम्हीं त्यास त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. उत्तर द्यावयाचें तर तीस वर्षांमागून सुरुवात करावी लागते, आणि तो माणूस घाईंत होता. आज तें लिहितों. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं तें वाचावें, ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना वाचून दाखवावें.

३० सप्टेंबर १९९३ ची पहांट या भागांतील चाळिशीपुढच्या माणसास आठवून द्यावी लागत नाहीं. गणपति बोळवून लोक निजले होते. चारच्या सुमारास जमीन हालली आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतलीं गांवेंच्या गांवें बसलीं. किल्लारी, सास्तूर, राजेगांव, पेठसांगवी हीं नांवें त्या दिवशीं जगाला कळलीं. मातीच्या गाऱ्यांत रचलेल्या काळ्या दगडाच्या जाड भिंती, आणि वर मातीचें जड माळवद. ज्या घरानें उन्हाळ्यांत थंडावा दिला त्याच घरानें माणसें पुरलीं. सरकारी गणतीप्रमाणें जवळ जवळ आठ हजार जीव गेले. कित्येक घरांतून सागवानी खांब व तुळ्या उभ्याच राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. सुताराचें काम उभें राहिलें होतें, हें येथें मुद्दाम नमूद करतों. पुढें गांव नव्यानें बांधावयास निघाले तेव्हां त्याच सुताराला कोणी विचारलें नाहीं.

मदत आली नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. कृतघ्नपणा आम्हांस ठाऊक नाहीं. देशांतून आली, परदेशांतून आली, १९९४ मध्यें जागतिक बँकेचें कर्ज आलें. ५२ गांवें जुनी जागा सोडून नव्या जागीं बसविण्यांत आलीं. सिमेंटचीं घरें झालीं, रुंद सरळ रस्ते झाले. पण घर कोणास किती मोठें द्यावयाचें, याचें माप काय ठरलें? ज्यास जमीन नाहीं, किंवा एक हेक्टरपर्यंत आहे, त्यास २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर असेल त्यास ७५० चौरस फूट!

वाहवा रे न्याय! भूकंपानें माणसें मारतांना सातबारा पाहिला नव्हता. घरें वांटणारानें मात्र पाहिला!

कोणी म्हणेल, मोठ्या शेतकऱ्याकडे बैल असतात, धान्य असतें, अवजारें असतात, त्यास जागा अधिक लागणारच. लागते, कबूल. आम्हीहि कुणब्याचींच पोरें आहों. पण मग कुंभाराचें चाक, भिजवलेली माती, वाळत घातलेलीं मडकीं कोठें राहतात? लोहाराचा भाता कोठें बसतो? सुताराचीं लांकडें, चांभाराचीं कातडीं, बुरुडाचे बांबू यांना काय हवेंत टांगावयाचें? बैलाला गोठा लागतो हें नकाशा काढणारास समजलें. भात्याला जागा लागते हें समजलें नाहीं. कारण बैल सातबाऱ्याच्या मागोमाग येतो, आणि भाता कोणत्याच कागदावर नसतो. शेताचा मालक तो घराचा धनी. ज्याच्या हातांत केवळ कसब आहे तो अडीचशें फुटांचा धनी. घर म्हणजे निजावयाची जागा, असें पगारी माणसाचें घर असतें. आपल्या लोकांचें घर म्हणजे कारखाना, दुकान, कोठार आणि निजावयाची जागा, सगळें एकाच छपराखालीं. त्याचे तुकडे केले तर पोट तुटतें.

जुनें गांवठाण म्हणजे स्वर्ग होता, असें मात्र कोणी समजूं नये. महारवाडा, मांगवाडा कोठें असत, पाणी कोणत्या बाजूनें वाहत असे, हें आम्हांस चांगलें माहीत आहे. तें गांवठाण गेलें म्हणून आम्ही डोळ्यांस पदर लावणार नाहीं. उलट नव्या गांवांत ती जुनी रेघ पुसतां आली असती, आणि तेंच घडलें नाहीं, हें आमचें दुःख आहे. कागदावर जात कोठेंहि लिहिलेली नव्हती. पण या मुलखांत जमीन कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाहीं हें ज्यास ठाऊक आहे, त्यास २५० च्या घरांत कोण राहावयास गेलें हें सांगण्याची गरज नाहीं. जातीचें नांव पुसलें आणि तेंच चौरस फुटांत लिहून ठेवलें!

आणि तीं नवीं गांवें केवढीं पसरलीं! जुन्या गांवांत गिऱ्हाईक दारावरून जात असे. फाळ शेवटावयास आणलेला माणूस लोहाराकडे बसे, तेथेंच चार गोष्टी होत, तेथेंच उधारी फिटे. नव्या गांवांत सरळ रस्त्यांच्या जाळ्यांत घरें दूर दूर पडलीं. म्हातारीनें पिठाची गिरणी गांठावी म्हणजे एक यात्रा. लोकांनीं मग काय केलें? पुढच्या अंगणांत पत्रे टाकले, आडोसे केले, एखादी टपरी उभी केली, आणि नकाशांत नसलेलें आपलें गांव स्वतःच्या हातांनीं नकाशाच्या आंत परत बसविलें. साहेब लोक याला अतिक्रमण म्हणतात. आम्ही याला दुरुस्ती म्हणतों.

याच भूकंपाच्या कामांत दुसरीहि एक गोष्ट झाली, ती फारशी कोणी सांगत नाहीं. ज्या गांवांचें नुकसान कमी होतें, तेथें लोकांना उठवलें नाहीं. घरमालकाच्या हातीं हप्त्यांनीं पैसे दिले, इंजिनियरानें देखरेख केली, आणि घर ज्याचें त्यानें दुरुस्त केलें. अशीं घरें दीड लाखाहून अधिक आहेत. गांवोगांव बायकांना "संवाद सहायक" म्हणून नेमलें. त्या घरोघर जाऊन पैसा कोठें अडला, सळई बसली कीं नाहीं, हें पाहत. ज्या बायकांना चावडीची पायरी चढूं देत नसत त्यांनीं सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारला. तेथें प्रत्येक घर आपापल्या धंद्याच्या बेतानें झालें. मोजपट्टी घरवाल्याच्या हातीं दिली तर तो ती गिळून टाकीत नाहीं, याचा पुरावा आपल्याच दोन जिल्ह्यांत उभा आहे.

आतां मुरुमकडे येऊं.

हा मुलूख सावरला आहे. ऊंस आला, सोयाबीन आलें, सोलापूर-हैदराबाद रस्ता रुंद झाला, पोरें उमरग्याला नि लातुराला शिकूं लागलीं. मुरुमास नगरपरिषद आहे, बाजार आहे, आजूबाजूच्या खेड्यांचें येणें-जाणें आहे. अशा गांवीं नवीं दुकानें व नवी वस्ती होणारच, आणि व्हावी. आम्ही बांधकामाचे वैरी नव्हों. आमचें विचारणें एवढेंच, कीं या वेळीं माप कशाचें?

गाळ्यांची रीत साऱ्या महाराष्ट्रांत एकच आहे. अमक्या गांवच्या कारभाऱ्यावर आमचा रोख नाहीं, रीतच पाहा. गाळे बांधावयाचे, अनामत ठरवावयाची, लिलाव पुकारावयाचा. अनामत कोण भरूं शकतो? ज्याचें आधींच एक दुकान चालूं आहे तो. तो दोन-तीन गाळे घेतो, एक आपण वापरतो, बाकीचे वाढीव भाड्यानें दुसऱ्यास देतो. खऱ्या कष्टकऱ्याच्या डोक्यावर मग दोन मालक! आणि गाळा तरी कसा? दहा-बारा फुटांची खोली व पुढें लोखंडी शटर. त्यांत विस्तव पेटवूं देत नाहींत, रंधा मारला तर शेजारचा कापडवाला ओरडतो, मडकीं मांडलीं तर गिऱ्हाइकाला उभें राहावयास जागा उरत नाहीं. तो गाळा कारखान्यांतून आलेला माल विकण्यासाठीं बांधलेला असतो, हातानें घडविलेला माल विकण्यासाठीं नव्हे. मग कुंभाराला हुसकून त्याच जागीं प्लास्टिकचे घडे विकले जातात, आणि आपणच ते विकत घेऊन घरीं येतों. खेड्यांतून डोक्यावर भाजीच्या दोन पाट्या घेऊन येणारी बाई तर या हिशेबांत कोठेंच नाहीं. तिला चार हात सावली, बसावयास ओटा आणि प्यावयास पाणी एवढेंच पाहिजे; तेवढ्याचा लिलाव होत नाहीं, म्हणून तेवढें कोणी बांधीत नाहीं.

आणि एक कडू गोष्ट बोलून टाकतों. आमच्या आजोबांच्या काळीं लुटणारा शेटजी ओळखूं येई. आज गाळ्यांचा लिलाव घेणारा व प्लॉट पाडणारा पुष्कळदां आपल्याच आळींतला असतो, आपल्याच मांडवांत जेवतो, जयंतीला पुढें फेटा बांधून चालतो. तो आपला आहे म्हणून त्याला हिशेब विचारावयाचा नाहीं, असा कायदा कोणीं केला?

प्लॉटांचा हिशेब तर शाळेंतल्या पोरानेंहि करावा असा आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. शेतकरी विकतो एकरानें. रस्ते नि मोकळी जागा सोडून त्यांतले निम्म्याहून अधिक फूट प्लॉट म्हणून बाहेर येतात, आणि तेव्हां भाव असतो फुटाचा. ज्यानें एकरानें विकलें त्याचाच मुलगा दहा वर्षांनीं वेगळा निघतो आणि बापाचीच माती फुटाच्या भावानें कर्ज काढून परत घेतो! जमीन विकूंच नका, असा कोरडा उपदेश आम्ही करीत नाहीं. दवाखाना असतो, सोसायटीचें कर्ज असतें, दोन वर्षें पाऊस नसतो. पण विकतांना हिशेब फुटांत करा. घेणारांनींहि नुसत्या रंगविलेल्या पाटीवर जाऊं नये. बिनशेतीचा हुकूम पाहावा, मंजूर नकाशा पाहावा, मोजणी पाहावी. ४,००० चौरस मीटरांहून, म्हणजे साधारण एक एकराहून, मोठ्या जागेंत प्लॉट पाडले तर दहावा हिस्सा खुला सोडावा लागतो. तो खुला हिस्सा नकाशांत कोठें आहे, तेथें आज काय उभें आहे, हें स्वतः चालत जाऊन पाहावें.

बाजार दुसऱ्या तऱ्हेनें आंखतां येतच नाहीं, असें म्हणणारानें लातूरला जावें. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यांत होतें. तेथली गंजगोलाई १९१७ सालीं निजामी अंमलांत आंखली गेली. मधोमध गोल, आणि त्यास येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका अंगाला सराफ, दुसऱ्या अंगाला जोडे-चपला, कोठें मिरची, कोठें गूळ. ज्याला जें पाहिजे तें कोणत्या वाटेस मिळेल हें खेड्यांतल्या अडाणी माणसासहि कळे. त्याच सुमारास शाहू छत्रपतींनीं शिरोळच्या बाजूस जयसिंगपूर हें व्यापाराचें गांव आंखून वसविलें. राजांच्या अमलांत शंभर वर्षांमागें धंद्याधंद्याचा विचार करून पेठा बसूं शकल्या, आणि मतांनीं निवडलेल्या सभेला आज सुतारासाठीं एक उघडी पडवी काढतां येऊं नये?

कायदा आपल्या बाजूस आहे, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ सालीं झाला आणि तो लहान नगरपरिषदांसहि लागूं आहे. त्याप्रमाणें प्रत्येक शहरांत पथविक्रेत्यांची समिति असली पाहिजे. तिच्यांत शंभरांत निदान चाळीस सभासद विकणाऱ्यांनीं आपल्यांतून निवडलेले, आणि त्यांत एकतृतीयांश बायका. सर्व विकणाऱ्यांची पाहणी होऊन दाखले मिळेपर्यंत कोणास उठवतां येत नाहीं. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विकणाऱ्यांची सोय लावण्याची जबाबदारी आहे. चालत आलेला बाजार "येथें विकण्यास मनाई" अशा पट्ट्यांत घालतां येत नाहीं. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणारी बाई चोर नव्हे. कायद्यानें ती बाजाराची हक्कदार आहे.

तेव्हां आमच्या सुतारदादास आमचें उत्तर असें. रंधा कोठें ठेवायचा हें गाळे बांधून झाल्यावर विचारूं नका, पाया आंखला जाण्यापूर्वीं विचारा, आणि तोंडीं विचारूं नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज २००५ पासून कोणासहि करतां येतो. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तीहि नाहीं. महाराष्ट्रांत अर्ज एका विषयाचा व दीडशें शब्दांच्या आंत असावा लागतो, म्हणून दोन अर्ज करा. पहिला विक्रेत्यांच्या समितीविषयीं: समिति कधीं नेमली, सभासद कोण, त्यांत विकणाऱ्यांनीं निवडलेले किती, पाहणी कोणत्या तारखेस झाली, तिच्या यादीची प्रत द्यावी. दुसरा गाळ्यांविषयीं: नकाशाची प्रत, अनामतीचा ठराव, आणि ओटे व उघडी जागा किती ठेवली आहे याचा आंकडा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, बुरूड, माळी अशा एकेका घरानें वेगवेगळा अर्ज टाकावा, पोंच घ्यावी, आणि पोंच जपून ठेवावी. उत्तर तीस दिवसांत यावयास पाहिजे. न आल्यास अपील करतां येतें, त्याचा मजकूर पुढील अंकीं छापूं.