नग, नग.१ आणि आपला आळस

मी भवानी पेठेत राहतो. पुण्याच्या नव्हे, सोलापूरच्या. हे दुसरं वाक्य मला आयुष्यभर चिकटलंय आणि त्याचा मला कधी त्रास वाटला नाही. एकाच नावाच्या दोन गोष्टी असल्या की कुठली ते सांगावं लागतं, एवढं साधं आहे ते. आमच्या धंद्यात मात्र तेवढंच सांगायला सांगितलं की लोकांच्या कपाळावर आठ्या!

विषय आहे 'डुप्लिकेट कॉलम नेम' या एररचा. रिपोर्टिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलीय आणि बहुतेकांनी तिला शिव्याही घातल्यात. माझं म्हणणं उलटं आहे. ही एरर म्हणजे टूलने आपल्याला विचारलेला प्रश्न आहे, "यातलं कुठलं?" आणि आपण उत्तर द्यायचं सोडून त्याचं तोंड दाबतो. नावापुढे १ लावला की झालं. "चालतंय की बे, सोड!"

चालत नाही बे. इथल्याच एका टॉवेल कारखान्याचं (नाव नको) घ्या. दोन एक्सेल फाइली. एकीत कामगाराने विणलेले नग, दुसरीत तपासणीत पास झालेले नग. दोन्हीकडे कॉलमचं नाव एकच, 'नग'. ज्या पठ्ठ्याने पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट करून दिला त्याने पॉवर क्वेरीत दोन्ही टेबलं मर्ज केली आणि कॉलम उघडताना मूळ नाव प्रीफिक्स म्हणून लावायची जी टिक असते, ती काढून टाकली. नावं लांबलचक होतात म्हणे. टूलने गुपचूप दुसऱ्याचं 'नग.१' करून टाकलं. एरर आलीच नाही! मजुरी ठरलेली विणलेल्या नगावर, हिशेब लागला 'नग.१'वर, म्हणजे पास झालेल्या मालावर. तीन आठवडे लोकांच्या हातात कमी पैसे पडले. उघडकीला आणलं कुणी, तर रोजचा आकडा स्वतःच्या वहीत लिहून ठेवणाऱ्या एका कामगाराने. त्या वहीत दोन रकाने होते, 'विणले' आणि 'पास'. रिपोर्ट करणाऱ्याकडे सर्टिफिकेट होतं, पण डेटा मॉडेल वहीचं बरोबर होतं.

म्हणून मला एरर देणारी टूल्स जास्त प्रामाणिक वाटतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन टेबलं जॉइन करून 'सिलेक्ट स्टार' मारा, एकाच नावाचे दोन कॉलम स्क्रीनवर निमूट शेजारी बसतात. त्याचाच व्ह्यू करायला जा, की तो अडतो. पॉवर बीआयची तऱ्हा और आहे. पॉवर क्वेरी इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी मानते, मॉडेल मानत नाही. त्यामुळे कॅपिटल 'ए'वालं अमाउंट आणि स्मॉल 'ए'वालं अमाउंट प्रीव्ह्यूमध्ये गुण्यागोविंदाने नांदतात आणि लोड करताना भांडतात. मग लोक तासभर डेटात चूक शोधत बसतात, ती असते शीर्षकात. (देवनागरीत कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही. पण 'मजुरी' आणि 'मजूरी' हे मात्र दोन वेगळे कॉलम होतात, तेव्हा शुद्धलेखनवाल्यांना हसू नका.)

दुखणं नवीन नाहीये. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉडने ज्या पेपरमध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातच हा मुद्दा आहे. त्याचं उदाहरण सुट्या भागांचं. एक भाग दुसऱ्या भागात बसतो, म्हणजे 'भाग' हा रकाना दोनदा येणार. त्याने सुचवलं काय, तर दोघांना आपापल्या भूमिकेप्रमाणे नाव द्या. आणि आपल्याकडे हे कॉडच्याही कितीतरी आधीपासून चालत आलंय. पुण्यात नोकरी केलेल्यांना कोंढवा खुर्द आणि कोंढवा बुद्रुक माहीत असतीलच. फारसीतलं खुर्द म्हणजे धाकटं, बुजुर्गवरून आलेलं बुद्रुक म्हणजे थोरलं. कोंढवा.१ करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर एरर आली की आधी 'स्टार' काढा आणि हवे ते कॉलम नावानिशी लिहा. दोन्ही कॉलम खरोखर एकच असतील, उदाहरणार्थ कामगार क्रमांक, तर एक उडवा. पण कुठला, ते बघून! लेफ्ट जॉइनमध्ये ज्याची जोडी सापडली नाही त्याचा उजवीकडचा क्रमांक रिकामा येतो. चुकून डावीकडचा उडवलात तर ती माणसं निनावी होतात. आणि दोन्ही वेगळे असतील तर अर्थाप्रमाणे नाव द्या, 'विणलेले नग', 'पास नग'. हे जमेल तितकं मुळाशी, व्ह्यूमध्ये किंवा क्वेरीत करा. वर रिपोर्टमध्ये नाव बदललं तर पुढचा माणूस खालून पुन्हा 'नग.१'च उचलणार.

"डेडलाइन असते रे," असं मित्र म्हणतात. असते ना. पण ती आपली, आणि पगार दुसऱ्याचा. हल्ली वर एआयचं ऐकवतात. एरर चिकटवली की तो क्षणात एलियास लावून देतो, खरंय. पण मजुरी कुठल्या नगावर ठरली आहे हे त्या दोन फाइलींत कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी कारखान्यात हिशेब बघणाऱ्या काकांना फोन करावा लागतो. आणि ते दुपारी दोन ते चार उचलत नाहीत, तेव्हा इस्टिमेट देताना तेही धरा.