छपराची किंमत

चित्राची किंमत कशावरून ठरते, असे कुणी विचारले तर मी छातीठोकपणे सांगेन, छपरावरून! मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेच्या काउंटरमागे केस पांढरे केलेला माणूस. कलेतले मला ओ की ठो कळत नाही. पण किमतीतले कळते.

खोटे वाटत असेल तर एखाद्या शनिवारी काळ्या घोड्याला या. चालत या. गाडीतून फुटपाथ दिसत नाही, आणि इथले निम्मे प्रदर्शन फुटपाथावरच असते. ज्या घोड्यावरून हे नाव पडले, तो पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट १९६५ साली इथून हलला आणि राणीच्या बागेत गेला. पुढची बावन्न वर्षे मुंबईकर नसलेल्या घोड्यापाशी भेटत राहिले. २०१७ साली नवा घोडा आला, तोही बिनस्वाराचा. असो.

इथेच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ सालची. आत शिरले की आमच्यासारख्यांचा आवाज आपोआप खाली येतो, हात पाठीमागे जातात. किमतीच्या कागदावरची शून्ये मोजून आम्ही ‘वा!’ म्हणतो. तिथे कुणी ‘निम्म्यात देता का?’ असे विचारल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

दहा पावले बाहेर या. फुटपाथावर चित्रे मांडून चित्रकार बसलेले असतात. तोच कागद, तेच रंग, फक्त डोक्यावर छप्पर नाही. छप्पर संपले की आमची जीभ सुटते!

माझीही सुटली. पावसात भिजलेल्या फोर्टचे एक जलरंगातले चित्र होते. तो आठशे म्हणाला, मी चारशे. सौ. हळूच म्हणाली, “अहो, देऊन टाका ना.” मी म्हटले, “तू थांब गं, व्यवहार मला कळतो.” त्याने माझ्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले आणि काही न बोलता ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. पुढे कोपऱ्यावरच्या एका हॉटेलात दोन कॉफ्यांचे चारशेवीस रुपये झाले. ते मी निमूटपणे दिले, वर टिपही ठेवली. का? तर भाव कार्डावर छापलेला होता आणि कार्ड छपराखाली होते.

यावर आमच्या बँकेतले पंडित म्हणतात, “फुटपाथवाल्याला खर्च काय? भाडे नाही, वीज नाही.” वा रे वा! म्हणजे आपण पैसे मोजतो ते चित्राचे की इमारतीच्या भाड्याचे? बरे, रस्त्यावरची कला ती कच्ची, असेही नाही. हुसेनसाहेब उमेदवारीच्या काळात याच मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवत होते. पुढे छपाईची यंत्रे आली आणि हाताने रंगवलेली होर्डिंगे गेली. त्या जुन्या पोस्टरांची याद ठेवून रणजित दहिया २०१२ सालापासून वांद्र्याच्या भिंतींवर सिनेमातले चेहरे रंगवत आले आहेत. भिंतीवरची कला आम्हाला फार आवडते. तिच्यापुढे फोटो काढायला पैसे पडत नाहीत ना!

ते चित्र आता आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, “कुठून घेतलं हो?” मी म्हणतो, “जहांगीरपाशी.” त्यातले ‘पाशी’ जरा हळू म्हणतो. “मग दोन-तीन हजार तरी पडले असतील!” मी नुसता हसतो. माझे छप्पर मिळाल्याबरोबर चित्र महाग झाले. पण त्यातला एक पैसाही ज्याने ते काढले त्याला मिळाला नाही. बँकेत न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. ते चारशे रुपये माझ्या मनात त्याच खात्यात पडून आहेत, आणि सौ. ते खाते अधूनमधून तपासते.

तेव्हा सांगणे एवढेच. परवडत नसेल तर नुसते पाहून या, पाहण्याचे तो काही घेत नाही. घ्यायचे असेल तर त्याने सांगितलेला भाव द्या. आणि घासाघीस केल्याशिवाय घरी गेल्यावर जेवण जात नसेल, तर पुढे कुलाबा कॉजवे आहे. तिथे पट्टे, पर्सेस, कानातली मिळतात. विकणारा निम्मे धरूनच भाव सांगतो आणि खेळाचे नियम दोघांनाही ठाऊक असतात. फार लांब नाही. चालत दहा मिनिटे.