‘लिटरली’चा सोस आणि ‘अक्षरशः’चा वनवास

लेखमालेच्या तळाशी छापलेला ‘क्रमशः’ हा शब्द मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा. इंग्रजी न्यायालयीन लेखनात त्याचा एक जातभाई आढळतो : ‘सीरिएटिम’, म्हणजे अनुक्रमाने, एकापाठोपाठ एक. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सेरिएस’ म्हणजे ओळ, या शब्दापासून हे क्रियाविशेषण घडले. ‘व्हर्बेटिम’ त्याच घराण्यातले. ‘व्हर्बम’ म्हणजे शब्द.

लॅटिनमध्ये ‘आटिम’ जे काम करतो, तेच संस्कृतात ‘शस्’ हा प्रत्यय करतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात त्याचे विधान केले आहे. शब्दशः, अक्षरशः, क्रमशः ही अव्यये त्याच टांकसाळीतली. मात्र ‘सीरिएटिम’ सामान्य इंग्रजालाही अपरिचित राहिले, तर ‘अक्षरशः’ आपल्याकडे आजीच्या बोलण्यात रुळले.

आज तेच आपण हद्दपार करीत आहोत. ‘मी लिटरली दमले,’ असे आपली मुलगी म्हणते, तेव्हा ‘लिटरली’च्या मुळाशी लॅटिन ‘लिट्टेरा’ म्हणजे अक्षरच आहे, हे तिला कोण सांगणार? स्वतःच्या घरचे नाणे फेकून तोच ऐवज परक्या पेढीवरून उसना आणण्याचा हा व्यवहार!

भाषेने शब्द घेऊ नयेत काय? जरूर घ्यावेत; उणीव असेल तेथे घ्यावेत. १०६६ नंतर नॉर्मन फ्रेंच आणि लॅटिनच्या दडपणाखाली राहिलेल्या इंग्रजांनी १७३३ पासून आपल्या न्यायालयांत कायद्याने इंग्रजी आणली. त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी छत्रपती शिवरायांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून राजकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. स्वभाषेच्या अभिमानाचा धडा आपल्याला इंग्रजांकडून घ्यावा लागावा, असा आपला इतिहास नाही.

याच जिल्ह्यातील नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. २०२४ मध्ये जिल्ह्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही लाभला. आपण पेढे वाटले आणि घरच्या मंगलकार्याची निमंत्रणपत्रिका इंग्रजीत छापली! हा दोष विरोधकांचा नव्हे, आपला आहे. फलक शासनाने बदलले. घरातली भाषा बदलण्यासाठी शासननिर्णय निघत नसतो. तेथे आईवडिलांनीच मुलांशी मराठी बोलावे लागते.