शिष्यवृत्ती हे बक्षीस नव्हे

गरीब विद्यार्थ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळणारी शिष्यवृत्ती ही गुणवत्तेची अवहेलना आहे, फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही आणि ज्याला शिकायचेच आहे त्याने कर्ज काढून शिकावे, असा तिहेरी आक्षेप सुशिक्षित वर्तुळात पुन्हा हिरिरीने मांडला जात आहे. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथसारख्या कापूसपट्ट्यात यांपैकी एकही आक्षेप टिकत नाही. बियाणे-खतांच्या उधारीत बुडालेल्या घरावर आणखी कर्ज चढवणे म्हणजे शिक्षणाची वाटच बुजवणे होय. आणि फुकटेपणाचा आरोप सरकारी अनुदानावर शिकून मोठे झालेल्यांवर कधी होत नाही, एवढे उत्तर त्याला पुरे आहे.

मुख्य आक्षेप गुणवत्तेचा, आणि तोच सर्वांत पोकळ आहे. गुण हे बुद्धीचे माप असले, तरी ते अभ्यासाला मिळालेल्या वेळेचेही माप असते. दसऱ्याच्या सुमारास वेचणी सुरू झाली, की घरातील प्रत्येक हात शेतात लागतो आणि वाळलेल्या बोंडांच्या टोकदार कडांनी बोटांची कातडी सोलवटते. तीच बोटे घेऊन विद्यार्थी मी-सेवा या शासकीय सेवा केंद्रात शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या पडताळणीसाठी उभा राहतो, तेव्हा यंत्राला ठसा ओळखता आला नाही, तर पुन्हा फेरी पडते आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडते. त्यातही घरी मराठी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला महाविद्यालयात तेलुगू वा इंग्रजीत शिकावे लागते. अशा मुलाचे साठ टक्के आणि शिकवणीच्या छत्राखाली वाढलेल्या मुलाचे साठ टक्के एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे.

हा वाद जुनाच आहे. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी खुल्या स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले होते, कारण ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यात तिच्यामुळे शिक्षणाचा प्रसार होत नव्हता. १९०७ मध्ये मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळवणाऱ्या भीमराव आंबेडकरांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपये आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले; केवळ गुणपत्रिका चाळणारा दाता त्यांच्यापाशी थांबलाच नसता. अविभाजित आदिलाबाद जिल्ह्यातील बासरच्या तंत्रज्ञान विद्यापीठानेही शासकीय शाळांतील मुलांच्या दहापैकी गुणांकात ०.४ ची भर घालण्याची पद्धत ठेवली, म्हणजे वंचितता हाही मोजण्याचा घटक मानला.

मग शिष्यवृत्ती म्हणजे काय? ती शिकणाऱ्या हाताच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे. तिचे दोन भाग असतात: महाविद्यालयाचे शुल्क शासनाने भरणे, म्हणजे शुल्क-प्रतिपूर्ती, आणि विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्यासाठीची रक्कम, म्हणजे निर्वाहभत्ता. पहिली थकली, की महाविद्यालये मूळ कागदपत्रे अडवून ठेवतात आणि पुढचा प्रवेश हुकतो. दुसरा वर्षाअखेरीस आला, तर तोवर वसतिगृहाची उधारी साचते किंवा विद्यार्थी घरी परततो. म्हणून पात्रता गरजेवर ठरावी, निर्वाहभत्ता सत्राच्या पहिल्या महिन्यापासून दरमहा खात्यात जमा व्हावा आणि शासनाच्या थकबाकीपोटी कुणाचीही कागदपत्रे अडवली जाऊ नयेत. वेचणीच्या दिवसांतही मुलाने वर्गात बसावे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या दिवसांची मजुरी कोण भरणार, हे आधी सांगितले पाहिजे.